नावावर केलेली बंदूक

डॉक्टरने ओब्रादचा डावा डोळा झाकला आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. ओब्राद म्हणाला, "डॉक्टर, रानडुक्कर काय कपाळावर अक्षरं लिहून येतं?" डॉक्टर पोट धरून हसला, पण बंदुकीच्या परवान्यासाठी लागणाऱ्या दाखल्यावर सही काही केली नाही. दाखला नाही म्हणजे बंदूकही नाही. एक तर परवानेवाल्याला विकायची, नाहीतर पोलीस ठाण्यात जमा करून हात हलवत घरी यायचं.

दवाखान्यातून ओब्राद घरी गेला, बंदूक घेतली, घरी गाळलेल्या राकिया दारूची बाटली घेतली आणि थेट वेलिमिरच्या घरी आला. वेलिमिरच्या लग्नात तोच कूम म्हणून पाठीशी उभा राहिला होता, आणि वेलिमिरच्या दोन्ही मुलींची नावंही त्यानेच ठेवली होती. हे नातं रक्ताच्या भावापेक्षा वरचं. कूमशी वैर धरलेल्या माणसाच्या अंगणात लोक पाय ठेवायला कचरतात.

"ही घे," बंदूक टेबलावर ठेवत तो म्हणाला. "पोरगा व्हिएन्नात, नातू व्हिएन्नात. ठाण्यातल्या गोदामात हिला गंज चढलेला मला बघवणार नाही. तुझ्या घरी राहील. कागदाचं बघू सवडीने."

दुनळी जुनी होती, पण लखलखीत. वेलिमिर तिला चांगला ओळखत होता. त्याच्या लग्नात यागोदाच्या भावांनी रिवाजाप्रमाणे उंच पॉप्लरच्या शेंड्याला सफरचंद बांधलं होतं. ते पाडल्याशिवाय नवरी घराबाहेर येत नाही. वेलिमिरने लागोपाठ बार घालवले, भाऊ खिदळायला लागले, "जावईबापू, जेवून घ्या, मग परत बघा!" म्हणाले. तेव्हा ओब्रादने त्याच्या हातून ही बंदूक काढून घेतली आणि पहिल्याच बाराला सफरचंदाच्या चिंधड्या केल्या. यागोदा दारात आली ती हसतच.

हे सगळं आठवत असूनही वेलिमिर म्हणाला, "कूम, अशी नाही ठेवून घेता येणार. आधी मला खरेदीची परवानगी लागेल. मग करार, मग ठाण्यात नोंद. तोवर तुम्ही परत घेऊन जा."

वेलिमिर उभा जन्म वनखात्याच्या कचेरीत बसलेला माणूस. विजेची बिलंसुद्धा तो प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून ठेवी. मुद्दा बरोबर होता, पण भरल्या टेबलाशी बसलेल्या कूमला कोणी असं बोलतं? यागोदा खाली मान घालून चीज कापत राहिली. ओब्रादने बंदूक खांद्याला अडकवली आणि सगळ्या गावादेखत परत नेली. वाटेत कोणी विचारलं तर म्हणाला, "कूमकडे फिरायला नेली होती हिला."

मग कागदी घोडे नाचायला लागले. वेलिमिरने डोळे तपासून घेतले, डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला घेतला, जावयाच्या वयाच्या माणसाकडून बंदूक कशी धरायची ते शिकला, भिंतीला पोलादी कपाट ठोकून घेतलं. पोलीस आसपासच्या घरांत चौकशी करून गेले, हा दारू पिऊन भांडतो का, बायकोला मारतो का. "एकदा तरी मारायला हवं होतं," यागोदा म्हणाली, "माझंही नाव सरकारदरबारी लागलं असतं."

उन्हाळ्यात दोघं मिळून तालुक्याच्या ठाण्यात गेले. खिडकीतल्या बाईने करार वाचला, बंदुकीवरचा नंबर ताडून पाहिला, मग ओब्रादचं जुनं शस्त्रपत्र घेऊन त्यावर तिरकी रेघ मारली. त्यात त्याचा काळ्याभोर मिशांचा फोटो होता.

"ते मला परत मिळेल का?" ओब्रादने विचारलं. "फोटोपुरतं."

"नाही हो काका. ते फायलीत जातं."

"जाऊ दे तर," तो म्हणाला, आणि टोपी घालायची विसरून तशीच हातात धरून बाहेर आला.

ठाण्यासमोरच्या खानावळीत त्याने दोन राकिया मागवल्या. मग ग्लास उचलून म्हणाला, "कागद तुझा, बंदूक तुझी. माझं एकच मागणं. ऑक्टोबरात वुकानचं लग्न आहे, झिवानच्या मुलीशी, दुन्याशी. नातवाचं सफरचंद मी पाडणार, हे तो एवढासा होता तेव्हापासून ठरलंय. त्या दिवशी तासाभरासाठी बंदूक माझ्या हातात दे."

वेलिमिरला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. पण समोर तो बोडक्या डोक्याने बसलेला, आणि ऑक्टोबर अजून लांब. वेलिमिरने ग्लासाला ग्लास लावला. नजरेला नजर देऊन ग्लास लावला म्हणजे शब्द दिला, हे काय त्याला माहीत नव्हतं?

लग्नाच्या सकाळी ओब्राद फाटकात आला. दाढी गुळगुळीत, जुना सूट, छातीवर रोझमेरीची डहाळी. एक हात कोटाच्या खिशात.

"चल, आण बाहेर तिला," तो म्हणाला.

वेलिमिरने रात्रभर मनात घोकलेलं एका दमात बोलून टाकलं. "कूम, नाही देता येत. परवाना नसलेल्याच्या हातात दिली तर गुन्हा होतो. वर तुमची नजर अशी, अंगणात बायकापोरं. काही झालं तर नंबर माझ्या नावावर आहे."

"तुझ्या नावावर," ओब्राद म्हणाला.

"हवं तर मी येतो बंदूक घेऊन. मी मारतो तुमच्या वतीने."

"तू? तुझा नेम सगळ्या पॉप्लरच्या झाडांना ठाऊक आहे." तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "आणि आत ती यागोदा आहे ना, ती कोणाच्या नावावर आहे रे? तिला बाहेर आणली तेव्हा मी कुठल्या खिडकीत नोंद केली होती?"

ओब्रादचा खिशातला हात हलला, काहीतरी काढावं की नाही असा घुटमळला आणि तिथेच राहिला. म्हाताऱ्याचा हात थरथरतोय, तो लपवतोय, असंच वेलिमिरला वाटलं.

"तू ग्लास लावला होतास," ओब्राद एवढंच म्हणाला आणि उताराला लागला.

लग्नात सफरचंद वुकानच्या मामाने आपल्या बंदुकीने पाडलं. लोक ओरडले, बाजेवाल्यांनी कर्णे फुंकले. ओब्राद कुंपणाशी उभा राहून टाळ्या वाजवत होता, सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा. नातवाने हाक मारली तेव्हा म्हणाला, "छान पाडलं, छान पाडलं." वेलिमिरकडे त्याने पाहिलं नाही.

डिसेंबरात ओब्रादच्या घरच्या संताचा सण होता. वेलिमिर उत्तमातली वाइन घेऊन गेला, म्हटलं आज तरी शिव्या घालेल, मग मिटेल. ओब्रादने दार उघडलं. "या. बसा. गहू घ्या," तो म्हणाला. पाहुण्याला उकडलेल्या गव्हाचा मान देतात तसा त्याने दिला, चमचासुद्धा पुसून. "प्रकृती कशी आहे तुमची?"

जन्मभर वेल्या, गाढवा, अरे अशा हाका मारणाऱ्या माणसाच्या तोंडून ते 'तुमची' ऐकून वेलिमिरने आणलेली वाइन तशीच दाराशी ठेवली. त्याने गहू खाल्ला, आभार मानले आणि घरी आला. पुन्हा जाऊ, नीट माफी मागू, असं तो रोज म्हणत राहिला आणि रोज काहीतरी कारण काढत राहिला. फेब्रुवारीत ओब्राद झोपेतच गेला.

मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवशी कबरीवर वाइन ओतून झाल्यावर सगळे टेबलाशी बसले. दुन्याचा बाप झिवान वेलिमिरच्या शेजारी होता. दोन ग्लास झाल्यावर त्याची जीभ सैल झाली.

"भला माणूस, पण हट्टी," झिवान म्हणाला. "लग्नाआधी माझ्याकडे आला होता. म्हणाला, झिवान, मला ते झाडसुद्धा धड दिसत नाही, सफरचंद कुठलं दिसायला. तू असं कर, त्याला मासे धरायची बारीक दोरी बांध आणि गोठ्यामागे उभा राहा. मी बार काढला की ओढ."

वेलिमिरच्या हातातला घास हातातच राहिला. "बार काढला की? आणि छर्रे?"

"छर्रे कुठले! काडतुसं त्याने स्वतः भरली होती. आत नुसती बंदुकीची दारू आणि वरून लोकरीच्या नमद्याचा बोळा. म्हणाला, पोराबाळांत मी छर्रे उडवीन होय? मला फक्त आवाज हवाय, वुकानला वाटू दे आजाने पाडलं." झिवानने मान हलवली. "पण त्या दिवशी रिकाम्या हाताने आला. बंदुकीत बिघाड झालाय म्हणाला. कोटाच्या खिशातून काडतुसं काढून माझ्याकडे दिली. मी दोरी सोडून टाकली."

"बिघाड झालाय म्हणाला?"

"हो. तुझ्याकडेच होती ना? दुरुस्त केलीस?"

वेलिमिरला तो कोटाचा खिसा दिसत होता. आपल्याला दिसत नाही हे तोंडाने सांगायची ओब्रादला लाज वाटली होती. आणि काय आहे खिशात, एवढं विचारायचं वेलिमिरला सुचलं नव्हतं. कलमं सगळी पाठ होती. वर त्या माणसाने गावासमोर त्याचं नाव खराब होऊ दिलं नाही, दोष बंदुकीवर ढकलला.

झिवानने घरून काडतुसं आणून दिली. वेलिमिरने ती यागोदासमोर टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती उठली, कपाटाची किल्ली आणून त्याच्यासमोर ठेवली.

"काढ बार," ती म्हणाली. "पोलीस आले तर येऊ देत. तुझ्याच नावावर आहे ना?"

तो अंगणात गेला. बंदूक आभाळाकडे धरली. बार झाला तसे कावळे उडाले, खालच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली, समोरच्या घराची खिडकी उघडली आणि कोणीतरी विचारलं, "काय झालं हो?"

काही झालं नव्हतं. नुसता आवाज होता. तेवढाच मागितला होता कूमने. वेलिमिर बंदूक खाली धरून उभा राहिला, आणि यागोदाने दोनदा आत बोलावलं तरी फाटकाकडेच बघत राहिला.