लाल पट्टी, निळी पट्टी

मी एक जुना टोप आहे, मित्रांनो, आणि आज मी चांगलाच संतापलेला आहे. उन्हात घालायचा टोप नव्हे हं. टीव्हीवरच्या मालिकांतले अंतराळवीर डोक्यावर चढवतात, काच खाली ओढतात आणि चंद्रावर चालल्याचा आव आणतात, तो मी.

मालिका-नाटकांना सामान भाड्याने देणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मला ताईंनी घडवले. मालकांपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणतात. तडा गेलेले मोटरसायकलचे हेल्मेट, व्हॅक्यूम क्लीनरची नळी आणि वाकवलेले पारदर्शक प्लास्टिक, एवढ्या भंगारातून त्यांनी मला उभे केले. आतल्या कडा त्या पॉलिश पेपरने घासत बसल्या, तेव्हा मालक म्हणाले, "ताई, ते कॅमेऱ्यात दिसणार आहे का?"

"घालणाऱ्याला टोचेल ना," ताई म्हणाल्या आणि घासत राहिल्या.

बरीच वर्षे मी शाळांच्या नाटकांत आणि साबणाच्या जाहिरातींत दिवस काढले. मग या हंगामात दोन वाहिन्यांनी एकदमच नव्या विज्ञानमालिका काढल्या. एकीचे नाव 'दुरुस्तीयान', दुसरीचे 'तेजोमंडल'. दोन्हीकडच्या लोकांना टोप हवा होता, आणि तोही दुसऱ्या कोणाकडे नसलेला. मालकांनी दोघांनाही "खास तुमच्यासाठी" म्हणून मलाच देऊन टाकले! माझ्या कपाळावर लाल पट्टी होती. सकाळी ती मिरवत मी 'दुरुस्तीयान'मध्ये जाई. दुपारी ताई तिच्यावर निळी पट्टी चिकटवत आणि माझी रवानगी 'तेजोमंडल'मध्ये होई. ताईंना हे मुळीच पटले नव्हते. पण मालकांनी बजावले होते, "बाहेर कळलं तर कारखान्याला टाळं लागेल. तुमचं कामही गेलंच समजा."

मित्रांनो, दोन्ही मालिका मी आतून पाहिल्या आहेत. 'तेजोमंडल'मध्ये दिवे असे लावत, की माझ्यावरचा ओरखडासुद्धा रत्नासारखा चमके. हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण तिथला नायक काच खाली करण्याआधी केस नीट करी आणि वर केल्यावर पुन्हा केस नीट करी. मधल्या वेळात सम्राट गर्जे, अंतराळयाने उडत आणि गोष्ट जिथल्या तिथे राही. 'दुरुस्तीयान'मध्ये पाच माणसे एक खटारा यान घेऊन ग्रहाग्रहांवर बिघडलेली यंत्रे दुरुस्त करत फिरायची. त्यांतली मेकॅनिक बाई एकदा आईच्या आठवणीने रडली. तिच्या श्वासाने माझी काच धुकटली, आणि दिग्दर्शकाने ते दृश्य तसेच ठेवले. टोपाला भरून येत असेल, तर मला तेव्हा भरून आले होते.

आणि समीक्षक महाशयांनी काय लिहावे? वर्तमानपत्रात अर्ध्या पानाची तुलना छापून आली. "'दुरुस्तीयान'मधला टोप म्हणजे उलटी घातलेली बादली. बनवणाऱ्याला लाज कशी वाटली नाही? याउलट 'तेजोमंडल'चा टोप पाहा. याला म्हणतात कारागिरी!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, बादलीही मी आणि कारागिरीही मीच! दिवे बदलले, पट्टी बदलली, एवढ्यावर यांची नजर फिरली?

ताईंची लेक सहावीत आहे. 'दुरुस्तीयान'चा टोप आपल्या आईने बनवला, हे तिने साऱ्या वर्गाला सांगून ठेवले होते. त्या दिवशी शाळेतून ती तडक कारखान्यात आली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. तिला येताना पाहताच, निळी पट्टी दिसू नये म्हणून ताईंनी मला घाईघाईने फडक्याखाली झाकले.

"सगळे मला बादली म्हणतात," ती म्हणाली. "आई, तो दुसरा टोप कोणी बनवला गं?"

"असेल कोणीतरी."

"मग त्यांच्याकडे शिकायला जा ना तू."

ताईंनी पॉलिश पेपर उचलला आणि दुसरेच काहीतरी घासायला घेतले. मी फडक्याखाली नुसता धुमसत होतो.

पुढे 'दुरुस्तीयान' बंद पडली. ती पाच माणसे एका ग्रहाकडे निघाली होती, ती अजून वाटेतच आहेत. 'तेजोमंडल'ने मात्र समीक्षक महाशयांना मानाने सेटवर बोलावले. फोटोसाठी त्यांनी मला डोक्यावर चढवले आणि माझा हनुवटीखालचा खटका अडकला. मी मुद्दाम केले नाही, पण केले असते तर बरे झाले असते! आतून त्यांचा आवाज घागरीतून आल्यासारखा येऊ लागला. ताईंना बोलावणे गेले. शाळेला सुट्टी होती म्हणून लेकही बरोबर आली.

मेकअपच्या खोलीत ताईंनी स्क्रूड्रायव्हर घातला. "साहेब, हनुवटी वर करा जरा." मी निघालो, पण स्क्रूड्रायव्हरच्या निसटत्या टोकाने निळी पट्टी उचकटली. खालची लाल पट्टी लख्ख दिसली.

लेक बघतच राहिली. "आई, हा तर तुझाच टोप!" मग ती समीक्षकांकडे वळली. "काका, 'याला म्हणतात कारागिरी', असं याच्याबद्दलच लिहिलं होतंत ना? आणि बादली पण हाच!"

समीक्षक महाशय घाम पुसत म्हणाले, "असं आहे बाळ, सगळा प्रकाशयोजनेचा फरक असतो." आणि ते फोटो न काढताच निघून गेले. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्याच मालिकेवर लिहिले. माझ्याबद्दल, ताईंबद्दल एक ओळसुद्धा नाही!

खोलीत दोघीच उरल्या. "तू सांगितलं का नाहीस मला?" लेकीने विचारले. ताईंनी सगळे सांगितले.  मग लेकीने मला मांडीवर घेतले आणि निळी पट्टी स्वतःच्या अंगठ्याने दाबून दाबून पुन्हा चिकटवली.

मित्रांनो, तुलना जरूर करा. पण निवाडा देण्याआधी वस्तू एकदा हातात घ्या, उलटी करून पाहा, तिच्या कडांवरून बोट फिरवा. कोणीतरी त्या तुमच्यासाठी घासलेल्या असतात.

वर्गात ताईंच्या लेकीला अजून बादली म्हणून चिडवतात. तिला खरे ठाऊक आहे, आणि आईचे काम टिकावे म्हणून ती निमूट ऐकून घेते.