शोधनोंदीतले बावीस महिने

ग्रंथालयात येऊन बसल्यापासून तिने फोन तीनदा उलटा ठेवला होता आणि तीनदा सुलटा केला होता. तीन वाजता मार्गदर्शक सरांच्या हातात प्रबंधाचं तिसरं प्रकरण पडायला हवं होतं, आणि त्याआधी शोधनोंदीवर ग्रंथपालबाईंचा शिक्का. इथला नियमच तसा होता. इंटरनेटवर कोणत्या शब्दांनी शोधलं, किती निकाल आले, त्यातलं काय वाचलं, सगळं कागदावर उतरवायचं. मुलं त्या कागदाला 'कबुलीजबाब' म्हणत.

प्रकरणाचा मुद्दा तिला तोंडपाठ होता: घरात दोन भाषा असल्या की मूल उशिरा बोलतं. तिच्या घरात होत्याच की, सासरची एक आणि माहेरची दुसरी. आणि तिची लेक, ठमी, बावीस महिन्यांची होऊनही एक शब्द बोलत नव्हती. शेजारणीने विचारायचा अवकाश, ही लगेच म्हणे, "दोन भाषा ना, गोंधळते बिचारी. माझा अभ्यासच आहे त्यावर." शेजारणीला ते पटे. हिचा जीव काही थाऱ्यावर येत नसे.

ग्रंथपालबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "चौदा शोध! दांडगा उरक आहे. पण प्रत्येक ओळीत 'उशीर' आहे."

"विषयच तो आहे, मॅडम."

"विषय आहे दोन भाषा आणि मुलांचं बोलणं. उशीर हे तुमचं उत्तर. ते प्रश्नातच कोंबलंत, तर हे यंत्र होला हो करणारच. त्याच्या बापाचं काय जातंय?"

"पण नऊ लेख मिळालेत."

"संदर्भसूची बघितलीत त्यांची? बघा बरं."

तिने एकेक लेख उघडून शेवटाला नेला. नऊपैकी सात जण एकाच जुन्या लेखाचा हवाला देत होते. तो लेख सहा मुलांवरचा. घड्याळात दोन वाजून दहा.

"आता 'उशीर' काढा," बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "'दोन भाषा' आणि 'पहिले शब्द', एवढंच. अवतरणचिन्हांत घाला, म्हणजे ते शब्द फोडून भलतंच आणून ओतणार नाही. फक्त संशोधनाचे लेख, अलीकडचे. आणि तुमच्या विरुद्ध कोण बोलतंय ते आधी वाचा."

तिने टाइप केलं. पानंच्या पानं आली. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजले, तर ही मुलं इतरांच्या मागे नसतात. एका लेखाच्या शेवटी लिहिलं होतं की मूल बोलत नसेल तर दोन भाषांवर खापर फोडून थांबू नये. आधी ऐकणं तपासावं.

ती ओळ तिने दोनदा वाचली.

"तुमचा अभ्यास तीन वर्षांपुढच्या मुलांवर ना?" बाईंचं बोट नोंदीवर होतं. "मग सहा ठिकाणी 'बावीस महिने' कुठून आलं?"

तिचा हात फोनकडे गेला. बाईंनी शिक्का बाजूला सारला आणि आवाज खाली आणला. "फोन आत चालत नाही. बाहेर जाऊन बोला."

व्हरांड्यात येऊन तिने सासूबाईंना फोन लावला. "आई, ठमी काय करतेय?"

"ठोकळे रचतेय. जेवली नीट. तू तुझं बघ गं."

"तिच्या मागे जा. तिला दिसू नका. आणि जोरात टाळी वाजवा."

टाळीचा आवाज काही आला नाही.

"आई?"

"नाही वळत गं ती."

"वाजवलीत तरी का?"

"महिनाभर वाजवतेय. कधी टाळी, कधी ताटली. समोर आले की खुदकन हसते. मागून हाक मारली तर ढिम्म." सासूबाईंचा आवाज चिरकला. "तू दोन भाषा म्हणायचीस. शिकलेली तू. म्हटलं, मी कोण मध्ये बोलणार?"

तिला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ते कळेना. फोन ठेवून तिने पुन्हा शोधलं, या वेळी साधेच शब्द: लहान मुलं, श्रवण तपासणी, जवळ. पहिल्या दवाखान्याने फोनच उचलला नाही. दुसऱ्यातली बाई म्हणाली, "साडेतीनची एक वेळ आत्ताच रिकामी झालीय. नाहीतर पुढचा आठवडा."

"साडेतीन. लिहून टाका."

तीनला वीस मिनिटं असताना ती सरांच्या दारात उभी होती.

"आणलंत प्रकरण?"

"चुकलंय, सर. नऊपैकी सात लेख एकाच जुन्या लेखावर उभे आहेत. पुन्हा लिहावं लागेल."

"समिती सोमवारी बसतेय. मुदतवाढ मागायची तर कारण द्यावं लागेल."

"लिहा, मला हवं तेच शोधत बसले होते."

सरांनी मान वर केली तेव्हा ती जिन्यात पोचलीही होती. फोन कानाला होता. "आई, ठमीला बूट घाला, मी निघालेच. आणि तुम्हीही चला. महिनाभरात काय काय बघितलंत, ते डॉक्टरांना तुम्हीच सांगा. मी मध्ये बोलणार नाही."