शुक्रवारच्या गाठी

"हे आधी उचला," शोना म्हणाली. "टेबलावर नको."

नुरझातने कापडाची पुरचुंडी जराशी मागे सरकवली, उचलली मात्र नाही. "खायचं आहे, एजे. कुरुत. दह्याचे गोळे, वाळवलेले. आईने पाठवले."

"काहीही असो. विद्यार्थ्यांकडून आम्हाला काही घेता येत नाही. नियम आहे तसा."

"खूप थोडे आहेत."

"थोडे असले तरी."

पुरचुंडी पुन्हा पिशवीत गेली. एजे म्हणजे किर्गिझ भाषेत ताई. शिकवणाऱ्या बाईलाही तिकडे तसंच म्हणतात. नुरझात शोनापेक्षा चांगली सहा-सात वर्षांनी मोठी होती, तरी शोनाच तिची ताई. हे ताईपण शोनाला आज जरा जास्तच गोड लागलं. आधी एकदम चांगला निबंध येतो, मागोमाग खाऊची पुरचुंडी येते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

शोना गिलीज ही विद्यापीठाच्या इंग्रजी साहाय्य केंद्रात शिकवणी साहाय्यक होती. म्हणजे स्वतः अजून विद्यार्थीच. हेरिंग माशाच्या हंगामात बंदरोबंदरी फिरून मासे साफ करणाऱ्या बायकांवर तिचा प्रबंध चालला होता आणि तो संपता संपत नव्हता. पोटासाठी ती परदेशी विद्यार्थ्यांचे निबंध घेऊन बसायची. या कामाचे नियम साधे, पण कडक होते. दार उघडं ठेवायचं. पेन विद्यार्थ्याच्या हातात राहील, आपण हात मांडीवर ठेवायचे. वाक्य दुरुस्त करायचं नाही, तयार वाक्य तर मुळीच द्यायचं नाही; फक्त विचारायचं, "इथे तुम्हाला काय म्हणायचंय?" ज्याला काय म्हणायचंय हे ठाऊक आहे पण कसं म्हणायचं हे ठाऊक नाही, त्याने या प्रश्नाचं काय लोणचं घालायचं, हे नियमात लिहिलेलं नव्हतं.

शोनाने निबंध पुढे ओढला. विषय डोंगरातल्या कुरणांवर मेंढ्यांना होणाऱ्या रोगांचा. नुरझात तिकडे पशुवैद्य होती. सरकारी शिष्यवृत्तीवर इथे वर्षभरासाठी आली होती. आल्या आल्या तिने लिहिलेला मसुदा शोनाला आठवत होता. वाक्यं कशी, तर दगडांच्या राशीसारखी. आणि हा निबंध? एक बाजू मांडून दुसरीला वाट देणारा, शंका नम्रपणे काढणारा, शेवट घट्ट आवळणारा. वाचताना शोनाला सारखं वाटत होतं, हे आपण कुठेतरी वाचलंय. आणि 'कुठेतरी वाचलंय' असं वाटलं की ते उचललेलं असतं, हा तिचा आजवरचा अनुभव.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. "कोणी मदत केली?"

नुरझातने तिच्याकडे बघितलं. "तुम्ही."

"मी? आपण दोनदा तर भेटलोय."

नुरझातने उघड्या दाराकडे पाहिलं. बाहेर केंद्राचे प्रमुख डंकन प्रिंगल कोणाशी तरी बोलत उभे होते. ती आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हीच, एजे."

खाई त्याला खवखवे, शोनाला वाटलं. नाहीतर दाराकडे बघायचं कारण काय?

दुपारी चहाच्या खोलीत तिने हे लेफ्तेरिसच्या कानावर घातलं. तो ग्रीक, तत्त्वज्ञानाचा संशोधक, तिच्यासारखाच सत्रागणिक कराराचा धनी.

"आली का आमची जकातवाली!" तो म्हणाला. "आज कोणाची पेटी उघडलीस?"

"थट्टा नको. बोलायला लागली की तिला चार शब्द सापडत नाहीत. आणि लिहिते कशी, तर एखाद्या प्राध्यापकासारखी."

"मीसुद्धा बोलताना बावळटच वाटतो. माझ्या आईला विचार."

"लेफ्तेरिस!"

"अगं, ती बाई हिमवादळात मेंढ्यांची बाळंतपणं करून आलीय. निबंधाला घाबरेल होय?"

"गेल्या वर्षी त्या पोरासाठी मी भांडले होते, विसरलास? शपथेवर सांगितलं होतं, त्यानेच लिहिलंय म्हणून. आणि नंतर काय निघालं? विकत घेतलेला निबंध. डंकनसमोर मान वर करायची सोय राहिली नव्हती मला."

"दुधाने तोंड पोळलंय तुझं," लेफ्तेरिस कप विसळत म्हणाला. "पण म्हणून ताकावर पोलीस सोडू नकोस."

तिने सोडलेच. संध्याकाळी प्रिंगलना जाऊन सांगितलं. ते सौम्य, थकलेले गृहस्थ होते. कोणाचं वाईट व्हावं असं त्यांना कधी वाटत नसे, पण होऊ नये म्हणून धावपळही ते करत नसत. "बरं झालं बोललीस," ते म्हणाले. "मलाही शंका होतीच."

शोनाला बरं वाटलं. दोघांना शंका आली की ती शंका राहत नाही, माहिती होते. घरी जाताना मात्र नुरझातचं ते 'तुम्हीच' तिच्या मागे मागे आलं. किती गोड बोलावं माणसाने, ती स्वतःशीच चिडून म्हणाली.

चौकशीच्या दिवशी समुद्रावरून धुकं आलं होतं आणि खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं. टेबलाच्या एका बाजूला प्रिंगल आणि पशुवैद्यक विभागाच्या डॉक्टर हेस्टर लाउडन, समोर नुरझात. शोना साक्षीदार म्हणून कडेच्या खुर्चीवर, नुरझातच्या डाव्या हाताला. नुरझातने अंगातलं जाकीट काढलं नव्हतं.

"आम्ही निबंध नक्कल शोधणाऱ्या यंत्राकडून तपासून घेतला," प्रिंगल म्हणाले. "याच धाटणीची वाक्यं इतर बऱ्याच परदेशी विद्यार्थ्यांच्या लिखाणात निघाली. वेगवेगळ्या विभागांत, वेगवेगळ्या विषयांत. म्हणजे कोणीतरी दुकान थाटलंय."

"मी लिहिलं," नुरझात म्हणाली.

"मग इथेच एक परिच्छेद लिहा," डॉक्टर लाउडननी कागद पुढे केला. बाईंचं बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण डोळे न्यायाचे होते. "वसंतात कोकरं दगावतात. कारणं दोन सांगितली जातात. तुमचं मत काय?"

नुरझातने पेन उचललं आणि थांबली. बराच वेळ कागद कोराच होता. आता उघडी पडणार, शोनाच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं जरा समाधानही वाटलं. आपलं नाक अजून शाबूत आहे म्हणून.

तेवढ्यात तिची नजर टेबलाखाली गेली. नुरझातच्या डाव्या हातात जाकिटाच्या टोपीची लोंबती दोरी होती. बोटांनी तिचा फास केला, टोक त्यातून अर्धवट ओवलं, ओढलं. सुरगाठ. ओठ हलले. उजव्या हाताने एक वाक्य लिहिलं. मग दोरीची दोन्ही टोकं एकमेकांत अडकली, सारखी ताणली गेली. दोन दोरांची गाठ. पुन्हा ओठ हलले, पुन्हा वाक्य. परिच्छेद संपत आला तशी बोटांनी निरगाठ मारली आणि ती गच्च आवळली.

या गाठी शोनाला ठाऊक होत्या.

शुक्रवार. हिवाळ्याआधीचे शुक्रवार. वर्ग सुटल्यावर तळघरातल्या रिकाम्या खोलीत थांबणारी पोरं. शोनाचा बाप फ्रेझरबरा बंदरावरचा मच्छीमार. लेकीला गाठी शिकवताना प्रत्येक गाठीबरोबर तो एक ओळ म्हणायला लावायचा. हात विसरला तर तोंडाला आठवेल आणि तोंड विसरलं तर हाताला, असं म्हणायचा. पहिल्यांदा विद्यापीठात आली तेव्हा शोनालाही इथली भाषा परकी होती. बंदरावरचं बोलणं घेऊन ती इथे आली होती आणि पहिल्याच निबंधावर 'हे असं लिहीत नाहीत' असा शेरा बसला होता. कसं लिहितात ते कोणीच सांगेना. मग तिने आपली वाक्यं आपणच गाठींवर बसवली. शंका काढायची ती सुरगाठीने, कोणी आक्षेप घेतला तर ओढली की सुटते. दोन माणसांची मतं जोडायची ती दोन दोरांच्या गाठीने, कोणाकडेच जास्त ओढ नको. शेवट निरगाठीने. मुलांच्या हातात बुटाची नाडी देऊन ती हे सगळं पाढ्यांसारखं म्हणून घ्यायची. मुलं हसायची, म्हणायची आणि शिकायची. आणि जाताना ती बजावायची, "वरती कोणाला बोलायचं नाही हं."

मागच्या रांगेत टोपी डोक्यावर ओढून एक मोठी बाई बसायची. नाव कधी विचारलं नव्हतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. 'कुठेतरी वाचलंय' म्हणून जे इतके दिवस शोधत होती, ते तिचंच होतं.

डॉक्टर लाउडननी परिच्छेद वाचला. "तीच धाटणी," त्या म्हणाल्या. "लिहिलं मात्र आमच्यासमोर. आणि मेंढ्यांचं सगळं बरोबर आहे. उलट दुसऱ्या कारणाबद्दल माझ्यापेक्षा यांनाच जास्त माहिती दिसते."

"मजकूर त्यांचा असेल," प्रिंगल म्हणाले. "साचे कोणाचे? नुरझात, स्पष्ट सांगतो. हे कोणी शिकवलं त्याचं नाव द्या. समज देऊन सोडून देऊ. नाव दिलं नाहीत तर प्रवेश रद्द करावा लागेल. शिष्यवृत्तीही जाईल. कळतंय ना?"

"कळतं."

"मग कोणी शिकवलं?"

नुरझातने शोनाकडे बघितलंसुद्धा नाही. दोरी सोडून दोन्ही हात टेबलावर ठेवले. "कोणी नाही," ती म्हणाली.

"कोणीतरी शिकवलंच असणार."

"नाही. मी एकटी."

शोनाला सगळं लख्ख दिसत होतं. आपण गप्प बसलो तर कोणाला कधीच कळणार नाही. ही बाई विमानात बसेल, आपल्या डोंगरात जाईल आणि तिथेही तोंड उघडणार नाही. पुढच्या सत्राचा करार या महिन्यात व्हायचा होता. करार गेला तर प्रबंध गेला; त्याचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. तिला भीती वाटली. आणि त्या भीतीपेक्षाही जास्त लाज वाटली. जिने चोर ठरवलं त्या शोनासाठीच ही बाई स्वतःचं घर जाळायला तयार होती, आणि तेही कपाळाला आठी न घालता.

"डंकन," शोना म्हणाली. "ते दुकान माझं आहे."

"काय?"

"मी शिकवलं. यांना आणि त्या बाकीच्यांनाही. चार वर्षं झाली."

प्रिंगलनी चष्मा काढला. "साचे देऊ नका म्हणून मी किती वेळा सांगितलंय, शोना? सगळे एकाच आवाजात बोलायला लागतात आणि मग हे असं होतं. यंत्राला सगळेच चोर दिसतात."

"खरं आहे तुमचं. पण नुसतं विचारत बसून कोणाला पोहता येत नाही. आधी काहीतरी धरायला लागतं."

"एजे, नको," नुरझात हळूच म्हणाली.

"थांबा हो तुम्ही," शोना म्हणाली. "फार बोललात आज."

डॉक्टर लाउडन पहिल्यांदाच हसल्या, आणि लगेच थांबल्या. त्यांनी निबंध मिटून नुरझातपुढे सरकवला. "हा मी तपासायला घेतेय. शेवट फार घाईत बांधलाय, तेवढा बघा."

शोनाला शिक्षा वगैरे काही झाली नाही. आठवड्याने प्रिंगल जिन्यात भेटले, हवापाण्याचं बोलले आणि मग म्हणाले, "पुढच्या सत्रात तास जरा कमीच आहेत गं." दोघांनाही कळलं. लेफ्तेरिसने चहाच्या खोलीत बराच आरडाओरडा केला. आपणही राजीनामा देतो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आला. शोनाने त्याला नावं ठेवली नाहीत. प्रबंधाची खोकी तिने बापाच्या घरी, माळ्यावर पोचवली. बापाने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

सत्राच्या शेवटच्या दिवशी शेवटची वेळ नुरझातची होती. नवा निबंध होता. शोनाने हात मांडीवर ठेवले. "इथे तुम्हाला काय म्हणायचंय?" तिने विचारलं. नुरझातने सांगितलं, अडखळत सांगितलं, आणि मग लिहिलं. वाक्य ओबडधोबड होतं, पण शोनाने ते आधी कुठेही वाचलेलं नव्हतं. तिने ते तसंच राहू दिलं.

काम संपलं. नुरझात उठायला लागली.

"बसा," शोना म्हणाली. तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून खणात ठेवलं. उठून दार लावून घेतलं. चार वर्षांत ते दार कामाच्या वेळी लागलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं, जरा करकरलंच. "ती पुरचुंडी आहे का अजून?"

नुरझात तिच्याकडे बघत राहिली. "नियम, एजे?"

"नियम नोकरीत असलेल्यांना."

नुरझातने पिशवीत हात घातला. रोज आणत असावी. कापड चुरगळलं होतं. गाठीचं एक टोक ओढताच पुरचुंडी अलगद उघडली. शोनाने एक पांढरा गोळा उचलून तोंडात टाकला. खारट, आंबट आणि दगडासारखा टणक.

"चावू नका," नुरझात म्हणाली. "नुसता ठेवा. वेळ लागतो."

शोनाने मान हलवली. दोघी टेबलाशी बसून राहिल्या.