‘सांधा’ची दुसरी चावी

रूथ पेणकर रोज सकाळी कामाला बसण्याआधी वेब डेव्हलपरांसाठी निघणारं एक बातमीपत्र वाचायची. कुठल्या टूलची नवी आवृत्ती आली, कुठल्या ब्राउझरने काय बदललं, एआयने लिहिलेल्या कोडने कुणाची फजिती केली. त्या मंगळवारी पेणच्या खोलीत चहाचा कप हातात होता, आणि तिसरी बातमी ‘सांधा’ची होती.

‘सांधा’ म्हणजे तिने आणि तिच्या मित्राने, धनेशने, आठ वर्षांपूर्वी मिळून लिहिलेला छोटासा कोड. फॉर्मवर कुणी इंग्रजी अक्षरांत नाव टाकलं, तरी यादीतलं देवनागरी नाव तो शोधून द्यायचा. फुकट होता, कुणीही घ्यावा. दवाखाने, शाळा, पतपेढ्या, कितीतरी साइटी तो वापरत. बातमी म्हणत होती, ‘सांधा’च्या ताज्या आवृत्तीत कुणीतरी चार ओळी घुसवल्यात, लोक फॉर्मवर नाव, फोन, आजार असं जे भरतात, त्याची नक्कल भलत्याच पत्त्यावर जाते. खाली लिहिलं होतं, ‘निर्माती: रूथ पेणकर.’

तिने आधी ती आवृत्ती मागे घेतली. मग नोंदी उघडल्या. नवी आवृत्ती सोडायचा हक्क दोघांकडेच होता, तिच्याकडे आणि धनेशकडे. आता तिथे तिसरं, अनोळखी नाव होतं. हक्क देणारा: धनेश. तारीख सहा आठवड्यांपूर्वीच्या रविवारची.

त्या रविवारी तिच्या घरी मलिदा होता. तिचे वडील एलियास ऑपरेशनमधून सुखरूप उठले, म्हणून केलेला, बेने इस्राएल घरांत देवाचे आभार मानायला करतात तसा. धनेशने बाह्या सरसावून पोह्यांत गूळ-खोबरं कालवलं होतं आणि एलियासनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता.

अजून एक नोंद होती. रोह्याच्या एका दवाखान्याची साइट सांभाळणाऱ्या दत्तात्रेयांनी तीन आठवड्यांपूर्वी तक्रार केली होती: ‘आमच्या पेशंटची माहिती बाहेर जातेय असं दिसतं.’ खाली धनेशचं उत्तर: ‘तपासलं. काही नाही.’ आणि तक्रार बंद.

तीनदा लावूनही धनेशने फोन उचलला नाही. रूथ दुपारच्या गाडीने धनेशच्या गावी, कासूला उतरली. तो घराच्या ओटीवरच बसला होता, लॅपटॉप मांडीवर.

“तो माणूस कोण, धनेश?”

“चार महिने मदत करत होता गो. चुका काढून द्यायचा. मग म्हणाला, हक्क दे. तू बाबांच्या आजारपणात गुंतली होतीस. मी एकटा किती बघणार?”

“एवढंच असतं तर तू फसलास म्हटलं असतं. दत्तात्रेयांची तक्रार का दाबलीस?”

धनेशने लॅपटॉप मिटला. “त्यानं माझं नाव बाहेरच्या कंपनीत सुचवलंय. शेवटची मुलाखत राहिली व्हती. म्हटलं, तेवढी होऊ दे, मग बघू.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“संशय व्हता.” तो जरा पुढे सरकला. “ऐक ना. ‘सांधा’ तुझ्याच नावावर हाय. तू लिही, पासवर्ड चोरीला गेला म्हणून. तुला कोण काय करतंय? माझं लेटर अजून यायचंय.”

रूथ रागावलेली आधीच होती. पण हे मागताना त्याला जडसुद्धा गेलं नव्हतं, हे तिच्या जिव्हारी लागलं. ती पायऱ्या उतरली.

घरी येऊन तिने सगळं लिहून जाहीर केलं. तारखा, तक्रार, धनेशचं नाव. स्वतःबद्दलही: ‘सहा आठवडे मी एकदाही नोंदी पाहिल्या नाहीत.’ तासाभरात धनेशचा निरोप आला: ‘नाव तरी काढ. आठ वर्षांची ओळख आपली.’ तिने नाव काढलं नाही. तो पुन्हा कधी पेणला आला नाही. आठवडाभरात निम्म्या साइटींनी ‘सांधा’ काढून टाकला.

दत्तात्रेयांना तिने फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मी वेळेवर सांगितलं होतं, बाई.” गुरुवारी ती रोह्याला गेली, त्यांच्या साइटमधला कोड काढून दिला आणि काउंटरजवळच्या खुर्चीवर बसून एकेका पेशंटला फोन करू लागली, अनोळखी माणसाला काही सांगू नका म्हणून. वरसे गावच्या ठमाबाई समोरच नंबर लावून बसल्या होत्या.

“मला आला व्हता तसला फोन,” त्या म्हणाल्या. “त्याला माझी साखर म्हाईत व्हती गो! मला वाटलं डाक्टरच बोलतंय. मोबाइलवर आलेला आकडा सांगणारच व्हते, तेवढ्यात सून आली. तू दिलीस का त्याला माहिती?”

“मी नाही दिली, मावशी. पण माझ्या विश्वासातल्या माणसानं वाट मोकळी करून दिली.”

“भाऊ व्हय?”

“घरातलाच समजत होते.”

ठमाबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्यापुढे धरली. “पी. मघापास्नं बोलतेस. आवाज बसलाय तुझा.”

रूथने दोन घोट घेतले. यादीत अजून बरीच नावं होती.