लहान मापाची जाकिटं

सकाळपासून बाईंचं डोकं तापलेलं होतं, आणि उन्हाचा त्यात काही दोष नव्हता.

मुलाने मोठ्या हौसेने सुट्टीतला एक दिवस सगळ्या घरासाठी ठरवला होता. दरीवरून दोरीला लटकत जायचं, उंच झाडांमधल्या झुलत्या पुलावरून चालायचं, मग रबरी होडी वल्हवत नदीपलीकडच्या बेटावर जायचं आणि तिथे चुलीवरचा ताजा मासळी-भात हाणायचा. पण दोरीपाशी पोचतात न पोचतात तोच पिवळ्या शर्टातल्या व्यवस्थापकाने बाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "आजी, तुम्ही आपल्या सावलीत बसा. सगळ्यांच्या पिशव्या सांभाळा."

एकतीस वर्षं पोहण्याच्या तलावावर उभं राहून जिने हजारभर पोरांना पोहायला शिकवलं, त्या बाईला हा मेला पिशव्या सांभाळायला सांगतो! निदान खांद्यांकडे तरी बघायचं होतंस. सूनबाईने डोळ्यांनीच "जाऊ द्या ना" म्हटलं, म्हणून बाईंनी तो घोट गिळला आणि दोन तास पिशव्यांच्या ढिगाशेजारी बसून काढले.

नदीवर मात्र त्यांनी कुणाला विचारलं नाही. सरळ काठावर जाऊन उभ्या राहिल्या. पाणी वरून संथ, तपकिरी, अगदी साळसूद दिसत होतं, पण पुढच्या वळणावर एक फांदी भर्रकन गेलेली बाईंनी पाहिली होती. पलीकडे बेटावर चुलीचा धूर निघत होता. आठ-दहा मंडळी भगवी लाइफ जॅकेटं चढवून फोटो काढत होती. त्यांत चार मुलं होती, आणि चौथी बाईंची सात वर्षांची नात, ठमी. जॅकेट तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं.

बाईंची एक रीत होती. पोराला दोन्ही हात वर करायला सांगायचं, जॅकेटच्या खांद्यांत अंगठे अडकवायचे आणि वर खेचायचं. हनुवटीच्या वर सरकलं तर ते पोर पाण्यात उतरणार नाही. मग पोराचे आईबाप किती का आदळआपट करेनात.

"ठमे, हात वर."

खेचलं, तर जॅकेट थेट ठमीच्या कानांवरून वर निघालं.

"अहो, हे निघतंय," बाई म्हणाल्या.

"आजी, एकच माप असतं," पिवळा शर्ट हसत म्हणाला. "आणि नदी इथे कमरेइतकीच आहे."

"कुणाच्या कमरेइतकी? तुमच्या की हिच्या?"

दोघे-तिघे हसले. बाईंचा मुलगा मात्र लाल झाला. तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, प्लीज. सुट्टीचा दिवस आहे. इथे तरी सुरू करू नकोस. लहानपणी सगळ्या तलावासमोर माझ्यावर शिट्ट्या मारायचीस, तेवढं पुरे झालं."

"तू एकदा स्वतः खेचून बघ."

"मला नाही बघायचं. हे लोक रोज हेच काम करतात."

हे बाईंना फार लागलं. पोटच्या पोराने भर लोकांत असं तोडावं? पण रुसायला वेळ नव्हता. ठमीचा एक पाय होडीत पडला होता. बाईंनी पर्समधून जुनी पितळी शिट्टी काढली आणि अशी फुंकली की चार बगळे उडाले. मग ठमीला उचलून काठावर ठेवलं आणि स्वतः होडीच्या मधोमध फतकल मारून बसल्या.

"मुलांना घेऊन ही होडी हलणार नाही," त्या म्हणाल्या. "मोठ्यांना घाई असेल तर त्यांनी दुसरी होडी शोधावी."

मग जो गोंधळ माजला तो विचारू नका. पिवळा शर्ट नियम सांगू लागला. सूनबाईला कुठे बघावं कळेना. एक चष्मेवाले गृहस्थ कळवळून म्हणाले, "अहो बाई, पोटात कावळे ओरडतायत. जेवण तिकडे आहे!"

"मग जेवण इकडे मागवा. पातेली बुडाली तर एकवेळ चालेल."

अर्धा तास गेला. बाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी पिवळ्या शर्टाने चडफडत फोन लावला, आणि थोड्या वेळाने पलीकडून स्वयंपाकीणबाई एक जुनी लाकडी होडी वल्हवत आल्या. मधे झाकलेली तीन पातेली होती. कलंडू नयेत म्हणून त्यांच्या भोवती भगव्या गाद्या ठासल्या होत्या.

बाईंनी एक गादी उचलली. तिला पट्टे होते. गळा होता, एवढासा. खांद्यावर रश्शाचा डाग होता.

"हे काय आहे?"

"बाकावरच्या गाद्या, ताई," स्वयंपाकीणबाई सहज म्हणाल्या. "तिकडची बाकं टणक आहेत ना, पाहुण्यांना टोचतात. ही बारकी जॅकेटं सगळी आमच्याकडेच असतात."

"पण लहान मुलं काही रोज..." पिवळा शर्ट चाचरला.

"गप्प बसा!" बाई कडाडल्या. "मोठ्यांच्या बुडाला मऊ लागावं म्हणून पोरांच्या गळ्यात ही ढगळ पोती अडकवलीत? आणि वर म्हणता एकच माप असतं? लाज नाही वाटत?"

कुणी हसलं नाही. स्वयंपाकीणबाईंनी हातातलं वल्हं खाली ठेवलं. "मला कुणी सांगितलंच नाही हो," त्या म्हणाल्या, आणि घाईघाईने भराभर पट्टे सोडवायला लागल्या.

मुलगा ठमीपुढे गुडघ्यांवर बसला. "हात वर," तो म्हणाला. त्याने मोठ्या जॅकेटच्या खांद्यांत अंगठे अडकवले आणि खेचलं. जॅकेट तिच्या तोंडावर गेलं, आणि तो ते तसंच धरून बसला.

"बाबा," आतून ठमी म्हणाली, "मला दिसत नाहीये."

त्याने ते काढून फेकलं. लहान जॅकेट घातलं, पट्टे लावले, पुन्हा खेचलं. ते जागचं हललं नाही. मग तो उरलेल्या तीन मुलांकडे वळला आणि एकेकाला हात वर करायला सांगू लागला. जेवण निवत होतं, पण चष्मेवाले गृहस्थही रिकामी ताटली धरून उभे होते.

चारही मुलं झाल्यावर तो होडीपाशी आला.

"आई, शिट्टी देतेस?"

बाईंचा राग अजून उतरला नव्हता. त्यांनी शिट्टी त्याच्या गळ्यात घातली, आणि घालताना दोरीला एक हिसका दिलाच.