कुलूपवाल्यांची पैज

माझ्या सासरी माणसापेक्षा कुलपाला जास्त मान आहे. लग्नाआधी ही मंडळी पहिल्यांदा आमच्या घरी आली, तेव्हा सासरे मला 'कशी आहेस' विचारायच्या आधी आमच्या दाराच्या लॅचजवळ वाकले आणि म्हणाले, "हे कुणी बसवलं? त्याला माझ्याकडे पाठवा." माझं माहेर लाँड्रीवाल्यांचं. आम्ही माणसाची पारख त्याच्या कॉलरवरून करतो. सासऱ्यांची कॉलर स्वच्छ होती, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही.

सासरी तिघंच जण: सासरे, नणंद आणि माझा नवरा. तिघंही कुलूपवाले. खाली दुकान, वर घर. कुणाची किल्ली हरवली, तिजोरी अडकली, गाडीचं दार आतून लागलं, की लोक यांच्याकडे धावायचे. तिघांत नवरा सगळ्यांत पटाईत. बारीक वाकवलेली सळी कुलपात सारायची, कान जवळ न्यायचा आणि समोरच्याशी गप्पा मारता मारता दार उघडायचं. गिऱ्हाईक आभार मानेपर्यंत हा त्यांच्या कुत्र्याशी दोस्ती करून मोकळा झालेला असायचा. अशा माणसावर रागावणं फार अवघड असतं. मला ते शिकावं लागलं.

कारण हा प्यायचा. आधी दुकान बंद केल्यावर, मग जेवणाच्या सुट्टीत, आणि मग सकाळी शटर वर करायच्या आधी, "हात बसायला हवा ना" म्हणून. त्याचे शर्ट मीच धुते. कपड्याला येणारा वास सकाळचा आहे की रात्रीचा, हे लाँड्रीवाल्याच्या मुलीला कुणी सांगावं लागत नाही. मी सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली, घरातली बाटली उचलली आणि दुकानातल्या जुन्या तिजोरीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी तिजोरी बंद होती आणि बाटली अर्धी होती. नुसती बंद नव्हती, तिच्या बिजागऱ्यांना तेलही घातलेलं होतं. आता कुठलाही बाप संतापला असता. माझे सासरे तिजोरीपुढे मांडी घालून बसले, भिंगातून कुलूप पाहिलं आणि मुलाला हाक मारली.

"कशानं उघडलीस?"

"दोन सळ्या. एक तुमचीच होती."

"ओरखडासुद्धा नाही रे."

आणि दोघं बापलेक तिथेच बसून तासभर त्या कुलपावर बोलत राहिले. नणंदेने चहा आणला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिणारा एक, आणि त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे दोघं.

तेव्हापासून घरात सामना सुरू झाला. सासरे रोज नवं कुलूप लावायचे, हा रोज उघडायचा. कुलूप कपाटाला, कुलूप पेटीला, एकदा तर नणंदेने बाटली सायकलच्या साखळीने नळाला बांधली. हा सगळं उघडून, पिऊन, पुन्हा होतं तसं लावून ठेवायचा. मी चिडले की नणंद म्हणायची, "वहिनी, दादाचा हात बघ ना पण." मी म्हणायचे, "हातच बघतेय." कारण मला दिसायला लागलं होतं की सकाळी चहाचा कप उचलताना त्याच्या बशीत निम्मा चहा सांडतो.

एकदा एका म्हाताऱ्या बाईंचं दार अडकलं होतं. नणंद दुसऱ्या कामाला गेली होती, म्हणून हत्यारांची पिशवी घेऊन याच्याबरोबर मी गेले. कुलूप अगदी साधं. पण याची सळी कुलपाच्या भोकापाशी नुसती टकटक करत राहिली, आत जाईना. कपाळावर घाम. "तेल विसरलो गाडीत," म्हणून हा खाली गेला. जिन्याच्या खिडकीतून मी पाहिलं, गाडीच्या सीटखालून काय निघालं ते. वर आला तो बाईंना विनोद सांगत, आणि सळी पहिल्याच खेपेला आत गेली. बाईंनी त्याला दोन्ही हातांनी आशीर्वाद दिले. आतापर्यंत मला वाटायचं, हा पितो म्हणून काम बिघडेल. आता प्यायल्याशिवाय कामच होत नव्हतं.

घरी येऊन मी सासऱ्यांना ते जसंच्या तसं सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत. हातातली कानस पुसून त्यांनी खाली ठेवली. मग म्हणाले, "सूनबाई, चूक माझी झाली. मी भलत्याच गोष्टीला कुलूप लावत होतो."

मला वाटलं, सुचलं एकदाचं शहाणपण. तर म्हणाले, "बाटलीला नाही, यालाच लावायला हवं."

मी म्हटलं, आपण आधी डॉक्टरकडे जाऊ. पण बापलेकांची पैज लागलीसुद्धा होती. मागची खोली, तिला जोडून न्हाणीघर, गॅलरीकडे गजांची खिडकी. हा आत, दाराला आरपार भोकाचं कुलूप, किल्ली बाहेर, बाटली बंद. आणि यावर कळस म्हणजे सासऱ्यांनी याची हत्यारंही आत दिली. मी विचारलं, का? तर म्हणे, "हत्यारांशिवाय कोंडलं तर ती काय पैज झाली?" हा हसत आत गेला आणि म्हणाला, "चहाला बाहेर असतो."

आणि होता. केस विंचरून, हात मागे बांधून चहाला हजर. सासऱ्यांनी टाळी वाजवली आणि लगेच तोंड लपवलं. हा चहा न घेताच खाली गेला आणि मोटारीच्या किल्ल्यांच्या खोक्यामागून बाटली काढून घेऊन आला.

मग बापलेकीने मिळून नवं कुलूप बनवलं. मी कुलूपवाली नाही, पण ते बघून मलाही कळलं की हे थट्टेचं काम नाही. संध्याकाळी याला पुन्हा आत घातलं, आणि आम्ही तिघं दारासमोर खुर्च्या टाकून बसलो. आतून खट, खट ऐकू यायचं आणि नणंद सामन्याचं धावतं वर्णन करायची. "आता पहिली पिन बसली. नाही, सुटली. दादा वैतागलाय." खिडकीतून ताट दिलं तर त्याने नुसतं पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी तो चिडून बोलायला लागला, मग विनवायला लागला, मग पुन्हा खट, खट. हात थरथरताहेत हे आवाजावरूनच कळत होतं. "डॉक्टर," मी म्हणाले. "अजून एक दिवस," सासरे म्हणाले. "निघतंय अंगातून."

त्याच्या पुढच्या सकाळी खटखट थांबली.

"हरला," सासरे म्हणाले. गेल्या काही दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला. "हरला म्हणजे सुटला."

मी मात्र उठून गॅलरीत गेले आणि खिडकीतून आत पाहिलं. हा दाराकडे पाठ करून उभा होता. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. हातातली सळी तो भिंतीत खुपसत होता. भिंतीत, जिथे ना दार होतं ना कुलूप. आणि अगदी मऊ आवाजात, कुणालातरी धीर देत होता. "दोनच मिनिटं हं ताई. घाबरू नका. उघडतंच आता."

मी हाक मारली. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तुमच्या आईंना सांगा, आतून कडी काढू नका म्हणावं." त्याने मला ओळखलंच नव्हतं. मी ओरडत दाराकडे धावले.

किल्ली सासऱ्यांकडे होती. पण माझा आवाज ऐकून त्यांचाच हात असा कापायला लागला की ती भोकात जाईना. नणंदेने हिसकावून घेतली, तिचीही तीच गत. शहरातले नावाजलेले दोन कुलूपवाले स्वतःच्या हाताने बनवलेल्या कुलपापुढे उभे राहून एकमेकांना 'उलटी धर, उलटी धर' म्हणत होते. आतून काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला. मी दुकानात जाऊन मोठा हातोडा आणला.

"अगं, तोडतेस काय?" सासरे म्हणाले. त्या घरात कुलूप तोडण्याची भाषा कुणी कधी केली नव्हती.

"बाजूला व्हा, बाबा," मी म्हणाले, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं. तिसऱ्या घावाला कुलूप, कडी आणि दाराची अर्धी फळी खाली आली. हा जमिनीवर ताठ झाला होता, डोळे वर गेलेले, हातपाय झटके देत होते. नणंदेने त्याला कुशीवर वळवलं, मी डोक्याखाली माझी ओढणी सारली. सासरे रुग्णवाहिकेला फोन लावत होते आणि पत्ता सांगताना रडत होते.

रुग्णालयात डॉक्टर बाई होत्या, आवाजाने कोरड्या. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एकदम बंद कुणी केली?"

"मी," सासरे म्हणाले.

"इतकी वर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी अशी तोडली तर जीव जाऊ शकतो. शरीराला तिची सवय झालेली असते. सोडायचीच, पण औषधं देऊन, आमच्या डोळ्यांसमोर. सकाळी हात कापतात, प्यायल्यावर थांबतात, हे दिसलं तेव्हाच आणायचं होतं."

"मला दिसलं होतं," मी म्हणाले.

"मग पुढच्या वेळी हातोडा तेव्हाच उचला," बाई म्हणाल्या. त्या हसल्या की नाही ते मला कळलं नाही.

चार-पाच दिवसांनी हा ताळ्यावर आला. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि माझ्या जिवात जीव आला. त्याचा पहिला प्रश्न असा होता, "किती वेळात उघडलं मी?"

"तू नाही उघडलंस. मी तोडलं."

"तोडलं?" त्याला खरंच वाईट वाटलं. "अजून थोडं थांबायचं ना. होत आलं होतं माझं."

"तू भिंत उघडत होतास."

तो हसला. मी हसले नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला, आणि हसू त्याच्या तोंडावरून हळूहळू उतरलं.

"भिंत?"

"भिंत. आणि मला ताई म्हणत होतास."

त्याने चादरीखालून हात बाहेर काढून समोर धरले. औषधं चालू होती तरी बोटं थरथरत होती. बराच वेळ तो स्वतःच्या हातांकडेच बघत होता, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. मग म्हणाला, "मला नाही जमत गं हे. डॉक्टरांना बोलाव." मी खोलीबाहेर आले आणि भिंतीला टेकून मनसोक्त रडले. इतक्या वर्षांत त्याने 'जमत नाही' कुणालाच म्हटलं नव्हतं.

रुग्णालयाच्या मागे व्यसनमुक्तीची वेगळी बैठी इमारत होती. याला तिथे हलवलं तेव्हा सासऱ्यांनी सवयीने आधी फाटक पाहिलं. नुसती कडी. त्यांनी ती दोनदा सरकवून बघितली.

"याला कुलूप नाही?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रोज सकाळी आम्ही विचारतो, आज थांबणार का. हो म्हणाला की उपचार पुढे."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर आम्ही थोडं भांडतो. मग तो जातो."

आम्ही परत निघालो. घराजवळ आल्यावर सासरे म्हणाले, "हे काही खरं नाही. आमचा मुलगा कुलपाशिवाय टिकायचा नाही." मला त्यांचा राग आला नाही. मलाही तीच धास्ती होती.

भेटायची परवानगी मिळाली त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. हा वाळला होता, पण डोळे निवळले होते. बाकावर बसून त्याने आमची भरपूर करमणूक केली. शेजारच्या खाटेवरचे निवृत्त न्यायाधीश कसे घोरतात, गटात बोलायची पाळी आली की कसे एकदम बहिरे होतात, आणि स्वयंपाकघराचं अडकलेलं कपाट उघडायला याला बोलावलं तर चारदा हात सुटला, शेवटी आचाऱ्यानेच कसं लाथ मारून उघडलं. नणंद हसून हसून वाकली. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

निघायची वेळ झाली तसा तो आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आला. फाटक उघडंच होतं. बोलता बोलता तो आमच्याबरोबर बाहेर रस्त्यावर आला. समोर आमची गाडी, आणि पलीकडे कोपऱ्यावर दारूचं दुकान. त्याने एकदाच तिकडे पाहिलं.

सासऱ्यांना राहवलं नाही. "बरा दिसतोस की आता," ते म्हणाले. "चल, घरीच चल."

मी त्यांचा हात धरला, पण शब्द तोंडातून निघून गेला होता. नवऱ्याने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, आज आलो तर घरी पोचायच्या आधीच पिईन," तो म्हणाला. "मला अजून भरवसा नाही माझा."

तो मागे वळून आत गेला आणि फाटक ओढून घेतलं. आतून कडी सरकवली.

"उघडं राहिलं तर येईन मी तुमच्या मागे," तो म्हणाला. "तुम्ही निघा. पुढच्या भेटीला या."

सासऱ्यांचा हात सवयीने कडीकडे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि खिशात घातला. "चला, सूनबाई," ते म्हणाले. आम्ही गाडीत बसलो. वळणावर मी मागे पाहिलं. हा अजून दोन्ही हातांनी कडी धरून उभा होता.