उतरताना

“तुम्ही नेता का त्याला, की मीच नेऊ?”

बायकोने ओट्यापाशी उभ्या उभ्याच विचारलं. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. तो दारात वाकून चपलेत पाय सरकवत होता. शेजारी ढब्बू पसरला होता, हनुवटी मुलीच्या डोंगरच्या बुटांवर, डोळे दाराच्या कडीवर. काल संध्याकाळी वाढलेलं त्याचं ताट तसंच पडून होतं. गेले सात रविवार हेच चाललं होतं. शनिवारी संध्याकाळपासून कुत्रं तोंडाला काही लावायचं नाही आणि रविवारी दुपार टळेपर्यंत दारातून हलायचं नाही.

“आज दोन वरच्या कवळ्या आणि एक अख्खी द्यायची आहे,” तो म्हणाला.

“द्या उद्या. एक दिवस हिरड्यांनी चावल्याने कुणी मरत नाही.”

शब्द तोंडातून निसटला. बायको गॅसकडे वळली. त्याने चपला काढल्या आणि कपाटाखालचे जुने कॅनव्हासचे बूट ओढून घेतले.

तो कवळ्या बनवायचा. चौतीस वर्षं तेच काम. दातांचे डॉक्टर जबड्याची मापं पाठवायचे. घरामागच्या खोलीत बसून हा त्यात प्लास्टर ओतायचा, मेण लावायचा, एकेक दात रांगेत बसवायचा, घासून चकचकीत करायचा. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं. सगळे त्याला दातकाका म्हणत, आणि तोही खुशीत असला की म्हणायचा, “दात कोरून पोट भरत नाही म्हणतात ना? माझं भरलं बघा!” डॉक्टरांना सोमवारी सकाळी माल हवा असायचा, म्हणून त्याचा रविवार कधी रिकामा गेला नाही.

मुलीचा रविवार मात्र डोंगराचा. एकुलती एक. विम्याच्या कचेरीत आठवडाभर खाली मान घालून फायली उपसायची आणि रविवारी सहाच्या ठोक्याला पाठीवर पिशवी टाकून तयार. चार वर्षांपूर्वी तिने कुठूनसं एक पिल्लू उचलून आणलं होतं. पुढचा पाय मोडलेला, पोट मात्र गरगरीत, म्हणून नाव ढब्बू. पाय जुळून आला आणि तेव्हापासून दर रविवारी दोघं मिळून जायला लागले. निघताना ती मागच्या खोलीत डोकवायची.

“बाबा, येतोस?”

“आणि दात कोण घासणार? तुझा नवरा?”

“आधी शोध तर! मग घासायला बसवू त्याला.”

एवढं म्हणाली की चालली. दुपारी एकला परत. नाक उन्हाने लाल, केसांत कुसळं, आणि तोंडाचा पट्टा चालू. हा मेणावरून नजर न काढता “हं... हं” करायचा. आता आठवायला बसलं तर त्या गोष्टींतली एकही पुरती आठवत नव्हती. ऐकली असती तर आठवली असती.

खुंटीवरची साखळी वाजली तसा ढब्बू ताडकन उठला. बायकोने मुलीची पिशवी पुढे केली. आत पाण्याची बाटली होती, दोन उकडलेली अंडी, पाव. कधी भरली होती कोण जाणे.

“सावकाश जा. गुडघे सांभाळा,” ती म्हणाली आणि दार लावायला थांबली नाही.

मुलीची स्कूटर सुरू करायला त्याला दहा मिनिटं लागली. ढब्बू न सांगता पायापाशी चढून, तोंड वाऱ्याकडे करून बसला. शहर संपलं, विटांच्या भट्ट्या मागे पडल्या, रस्ता कच्चा झाला. डोंगर कुठला हे त्याला माहीत होतं. पुढची वाट मात्र कुत्र्याला माहीत होती.

आणि त्याला ती खरोखरच माहीत होती. वाटेला फाटा फुटला तिथे तो जरासाही न घुटमळता डावीकडे वळला. पुढे पळायचा, वळणावर थांबायचा, हा धापा टाकत पोहोचला की पुन्हा पुढे. पण थांबल्यावर तो याच्याकडे बघत नव्हता. याच्या खांद्यावरून मागे, वाटेकडे बघायचा. अजून कोणीतरी यायचं राहिलंय, असं.

अर्ध्या चढावर एक सपाट दगड होता. तिथे ढब्बू बसला, आणि एक पाय उचलून नुसताच बघत राहिला.

“काय रे? काटा लागला?”

त्याने पाय तपासला. काटा नव्हता. मग काय हवं असेल? त्याने अंडं सोलून दिलं, ढब्बूने तोंड फिरवलं. शेवटी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात हात घातला, तर रबर लावलेला बिस्किटांचा अर्धा पुडा निघाला. मऊ पडलेला. याने तो उचललेला पाय हातात घेतला, तशी ढब्बूने दोन बिस्किटं रीतसर घेतली आणि त्याच्या मांडीला पाठ लावून बसला.

त्या दगडावरून त्याला पुढचं चढवेना. दम लागला होता हे खरं; पण दम काय, पाच मिनिटांत जातो.

मुलगी अकरा दिवस दवाखान्यात होती. ताप मेंदूत गेला म्हणाले. मधले काही दिवस ती चांगली शुद्धीवर होती, आणि आठव्या दिवशी, शनिवारी, तिने त्याला म्हटलं होतं, “बाबा, उद्या ढब्बूला नेशील का वर? खुळा होतो रे तो घरात.” तो म्हणाला, “नेतो. नेतो म्हणजे नेतोच.” रविवारी सकाळी त्याने साखळी लावलीसुद्धा. पण एका आजोबांची कवळी अडकली होती. नातीच्या लग्नात त्यांना दात लावून हसायचं होतं. गल्लीला एक वळसा घालून त्याने ढब्बूला खांबाला बांधलं आणि प्लास्टर कालवायला घेतलं. म्हटलं, पुढच्या रविवारी जाऊ. पुढचा रविवार काय कुठे पळून चाललाय?

दुपारी तो दवाखान्यात गेला तेव्हा तिने पहिलं तेच विचारलं.

“नेलंस?”

“नेलं की.”

“वरपर्यंत?”

“थेट. माझ्या दहा पावलं पुढे.”

“आणि उतरताना?”

“उतरताना तर काय, गडी सुसाट! मलाच ओढत आणलं खाली.”

ती त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग हसली. त्याचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि त्याच्या नखांत अडकलेलं पांढरं प्लास्टर आपल्या नखाने हळूहळू कोरत बसली. लहानपणापासून तिला तो चाळाच होता. “दमला असशील मग,” म्हणाली. “जा बाबा, घरी जाऊन पड जरा.”

सोमवारी तिची शुद्ध गेली. मंगळवारी सगळंच आटोपलं.

हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. आज निघताना मनात एवढंच होतं, की बोललो ते उशिरा का होईना, खरं करून टाकावं. निदान ती समाधानाने गेली, बाबाने ढब्बूला नेलं म्हणून, एवढ्या एका आधारावर तो सात आठवडे उभा होता.

तो गुडघ्यावर हात देऊन उठला.

शेवटचा टप्पा कातळात खोदलेल्या पायऱ्यांचा होता. शंभर एक असतील. उंच, झिजलेल्या, एका बाजूला लोखंडी कठडा आणि कठड्यापलीकडे नुसता वारा. ढब्बू उड्या मारत चढून गेला. हा बसत, उठत, कठड्याला लटकत वर पोहोचला तेव्हा माथ्यावरच्या पत्र्याच्या चौकीतून जंगलाचा राखणदार धावत आला होता आणि ढब्बू त्याच्या अंगावर नाचत होता.

“अरे ढब्ब्या! होतास कुठे इतके दिवस? आणि ताई? मागे राहिल्या का?”

राखणदाराने पायऱ्यांकडे मान उंचावून बघितलं. वर येणारं कुणी नव्हतं.

“मी तिचा बाबा.”

“हां हां, दातवाले बाबा! ताई दर वेळी म्हणायच्या, एकदा बाबाला वर आणणार. मी म्हटलं आणाच, माझी ही दाढ...” बोलता बोलता त्याने याचा चेहरा पाहिला आणि हात गालावरच राहिला.

याने सांगितलं. चार वाक्यांत सांगून झालं. राखणदार डोक्यावरची टोपी काढून हातात चुरगाळत राहिला. मग चौकीत जाऊन एक पोचा आलेला अॅल्युमिनियमचा वाडगा घेऊन आला, त्यात पाणी ओतलं आणि ढब्बूपुढे ठेवलं.

“हा त्याचाच आहे,” म्हणाला. “ताईंनी आणून ठेवलेला.”

माथ्यावर गवत होतं, वारा होता, खाली शहर होतं. तिघं तिथे बसून राहिले. पाव आणि अंडी राखणदाराला दिली, त्याने नको म्हटलं नाही. ऊन चटके देऊ लागलं तेव्हा हा निघाला.

पायऱ्यांच्या तोंडाशी ढब्बू बसला.

“चल.”

ढब्बू हलेना. साखळी ओढली तर त्याने चारही पाय रोवले. कान मागे पडले, अंग थरथरायला लागलं. हा दोन पायऱ्या उतरून खालून हाका मारू लागला, “ये! अरे चढलास ना आत्ता? ये की!” ढब्बू रडल्यासारखा बारीक आवाज काढून मागे सरकला.

“तो नाही उतरायचा, काका,” राखणदार म्हणाला. “त्याला उचलून न्यावं लागतं.”

“उचलून?”

“पिल्लू होता ना, तेव्हा इथूनच कोसळला होता. तळाशी मोडका पाय घेऊन पडलेला सापडला ताईंना. चढतो माकडासारखा, पण उतरायचं म्हटलं की गळपटतो. आजवर एक पायरी नाही उतरला. ताईच खांद्यावर टाकून न्यायच्या, दर रविवारी. मी हसायचो. म्हणायचो, हे कुत्रं पाळलंय का पोर?”

तो दोन पायऱ्या खाली तसाच उभा राहिला. हात कठड्यावर होता.

तिने विचारलं होतं, आणि उतरताना?

दुसरं काही नाही, नेमकं तेवढंच विचारलं होतं. गडी सुसाट, म्हणाला होता तो. आणि ती हसली होती, आणि त्याच्या नखांतलं त्याच सकाळचं प्लास्टर कोरत बसली होती. दमला असशील मग.

राखणदाराने विचारलं, “काका? बरं वाटतंय ना? बसा थोडं.”

तो तिथेच पायरीवर बसला. रडू आलं तेही धड नाही. वाऱ्याकडे तोंड करून तो नुसता तोंडाने श्वास घेत राहिला. राखणदार चार पावलं लांब जाऊन उभा राहिला आणि उगाचच दुसरीकडे बघू लागला. बऱ्याच वेळाने तो परत आला.

“मी आणतो त्याला खाली. तुमचे गुडघे...”

“नको,” तो उठत म्हणाला. “ती कशी धरायची, तेवढं दाखवा.”

राखणदाराने दाखवलं. पुढचे पाय डाव्या खांद्यावरून मागे, मागचे पाय छातीपाशी उजव्या... नाही, डाव्याच हातात घट्ट. उजवा हात कठड्याला मोकळा. बावीस किलोचं धूड. पहिल्याच पायरीला त्याचा गुडघा असा काही वाजला की राखणदाराने हात पुढे केला. त्याने मान हलवली. ढब्बूने तोंड त्याच्या मानेत खुपसलं. ओलं नाक, गरम श्वास, आणि छातीला छाती लागून धडधडणारं काळीज. कुणाचं जास्त जोरात धडधडत होतं ते सांगता आलं नसतं. एक पायरी. थांबायचं. दुसरी पायरी. ढब्बू घाबरला की नखं रोवायचा.

“झालं, झालं,” तो पुटपुटत होता. “आलोच बघ खाली. झालं.”

घरी पोहोचायला तीन वाजले. ढब्बू सरळ ताटापाशी गेला आणि कालचं, आजचं, सगळं चाटूनपुसून खाल्लं. बायको ते बघत उभी राहिली. मग तिला याच्या शर्टाच्या खांद्यावर रक्ताचे ठिपके दिसले.

“अहो, हे काय? पडलात की काय?”

“नाही गं. खरचटलंय.”

“काढा तो शर्ट.”

तो स्टुलावर बसला. तिने कोमट पाण्यात फडकं बुडवलं, मागे येऊन उभी राहिली. डाव्या खांद्याच्या मागे लाल ओरखडे उठले होते, चार इकडे, चार तिकडे, काही खोल. फडकं टेकेल म्हणून त्याने दात आवळले. ते टेकलं नाही.

“हे कसले?” तिने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

त्याने सांगितलं. पायऱ्यांचं सांगितलं, उचलून आणल्याचं सांगितलं. दवाखान्यातलंही सांगणार होता. पण फडक्यातलं पाणी त्याच्या पाठीवर ठिबकू लागलं तसा तो थांबला.

“तिच्याही खांद्यावर असायचे,” बायको म्हणाली. “याच जागी. दर रविवारी न्हाताना दिसायचे. मी ओरडायचे, कुठल्या काटेरीत घुसतेस गं, अंगाची चाळण करून घेतेस. हसायची नुसती.”

पाणी गार होऊन गेलं. तिने फडकं भांड्यात सोडून दिलं आणि ओले हात पदराला पुसले. मग त्या ओरखड्यांवर, दुखणार नाही इतपत, तळहात ठेवला आणि तशीच उभी राहिली.